रोज रात्री नऊनंतर गेम अडखळतो : नवा राऊटर घेण्याआधी काय तपासावे

लातूरला अंबाजोगाई रोडच्या बाजूला माझ्या बहिणीचे दुमजली घर आहे. थोरला भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून वरच्या खोलीत लॅपटॉपवर व्हॅलोरंट खेळतो, तर धाकटा मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. गेल्या दिवाळीत मी तिथे गेलो तेव्हा चप्पल काढायच्या आत थोरल्याने सांगितले, "मामा, नेट लईच अडकायलंय, आता गेमिंगचा राऊटरच घ्यावा लागतो बघा." त्याची तक्रार नेमकी होती. दिवसभर पिंग ३०-३५ मिलिसेकंद राहतो. रात्री साडेआठ-नऊ वाजले की तो मध्येच २०० ते ३०० वर जातो, समोरचा खेळाडू जागीच गोठल्यासारखा दिसतो आणि पुढच्या क्षणी आपला डाव संपलेला असतो. अकरानंतर पुन्हा सगळे सुरळीत चालते. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा दुपारी आला होता. त्याने स्पीड टेस्ट लावली, ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर ३९ दिसले, आणि लाइन बरोबर आहे असे सांगून तो गेला.

मराठवाड्यातल्या अनेक घरांत हीच तक्रार याच क्रमाने ऐकू येते, आणि तिच्यावर उपाय म्हणून एक तर प्लॅन वाढवला जातो किंवा सहा अँटेनांचा महागडा राऊटर आणला जातो. दोन्हींवर पैसे जातात, आणि पुष्कळदा नऊ वाजता अडखळणे तसेच राहते. म्हणून आम्ही चार रात्री बसून जे तपासले ते क्रमाने येथे मांडत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्पीड टेस्ट जो आकडा दाखवते तो एका सेकंदात किती माल येऊ शकतो याचा असतो. पिंग हा एक चिठ्ठी जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागला याचा असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेमला माल फार थोडा लागतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती मोजतो, तरीही त्यासाठी होणारी देवाणघेवाण १ एमबीपीएसच्या आतच राहते, आणि मोबाइलवरच्या गेमला त्याहूनही कमी पुरते. म्हणजे ४० चा प्लॅन १०० केल्याने चित्रपट लवकर उतरेल, परंतु चिठ्ठीचा प्रवास त्यामुळे आपोआप जलद होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. लातूर ते मुंबई तार वळणावळणाने ६०० किलोमीटर गेली असे धरले तरी जाऊन-येऊन ६ मिलिसेकंदच लागतात. बाकीचा सगळा वेळ वाटेतली यंत्रे आणि त्यांच्या समोरच्या रांगा खातात. मुंबईच्या सर्व्हरवर खेळताना ३० च्या आसपासचा पिंग चांगलाच म्हणायचा. प्रश्न त्याच्या वर चढणाऱ्या २०० चा आहे, आणि ते २०० कुठे चढतात हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये असे माझे ठाम मत आहे.

विलंब कोणत्या टप्प्यात आहे ते शोधणे

चिठ्ठीच्या वाटेचे तीन टप्पे आहेत : लॅपटॉप किंवा मोबाइलपासून घरातल्या राऊटरपर्यंत, राऊटरपासून कंपनीच्या जाळ्यापर्यंत, आणि तिथून गेमच्या सर्व्हरपर्यंत. पहिले दोन टप्पे एकाच वेळी मोजता येतात. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत पिंग ही आज्ञा लिहून पुढे राऊटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. दुसरीत ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्यावा. दोन्ही आज्ञांच्या शेवटी आडवी रेघ आणि इंग्रजी टी हे अक्षर जोडले की मोजणी थांबवेपर्यंत चालू राहते. हे काम दुपारी करून उपयोग नाही. त्रास ज्या वेळी होतो त्याच वेळी, निदान अर्धा तास, गेम चालू ठेवूनच करावे आणि पिंग उसळला की घड्याळातली वेळ वहीत टिपून ठेवावी.

वाचन सोपे आहे. पहिल्या खिडकीतला आकडा वाय-फायवर २ ते ५ आणि केबलवर १ च्या आत असायला हवा. तोच उसळत असेल तर दोष घराच्या भिंतींच्या आत, म्हणजे वाय-फायमध्ये आहे, आणि कंपनीला फोन करणे व्यर्थ आहे. पहिला आकडा शांत असून दुसरा उसळत असेल, तर घरातले इतर सगळे फोन, टीव्ही आणि कॅमेरे पाच मिनिटे नेटवरून काढावेत. त्यासरशी दुसरा आकडा खाली आला तर आपल्याच घरातला माल तारेच्या तोंडाशी रांग लावतो आहे असे समजावे. सगळे बंद करूनही तो उसळत राहिला तर कंपनीच्या बाजूला गर्दी किंवा बिघाड आहे. दोन्ही आकडे शांत आणि तरीही गेम अडखळत असेल, तर सर्व्हरची निवड, पुढचा मार्ग किंवा लॅपटॉपचे तापणे यांकडे वळावे. येथे एक सावधगिरी हवी : काही राऊटर पिंगला उत्तर देणे हे कमी महत्त्वाचे काम मानतात, त्यामुळे तासाभरात एखाददुसरा मोठा आकडा दिसला म्हणून निष्कर्ष काढू नये. पुन्हा पुन्हा, सलग किंवा गेम अडखळण्याच्या क्षणीच दिसणारी उसळी खरी.

आमच्या पहिल्या रात्री दोन्ही खिडक्यांत उसळ्या होत्या, आणि त्या एकाच वेळी येत नव्हत्या. म्हणजे दोष दोन होते. कोणताही एकच उपाय केला असता तर त्रास अर्धाच कमी झाला असता आणि तो उपाय फसला असे घरातल्यांना वाटले असते. एका घरात एकाहून अधिक कारणे असणे मुळीच दुर्मीळ नाही, म्हणून पहिले कारण सापडल्यावर मोजणी थांबवू नये.

पहिला टप्पा : भिंती, पाण्याच्या टाक्या आणि शेजाऱ्यांचे वाय-फाय

वाय-फायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. इतरांना थांबावे लागते, आणि त्या इतरांत शेजाऱ्यांचे राऊटरही येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. लातूरच्या शिकवणीवर्गांच्या परिसरात एकेका इमारतीत दहा-दहा खोल्यांत विद्यार्थी राहतात आणि मजल्यागणिक राऊटर असतात. बहिणीच्या घराच्या मागेही अशाच खोल्या आहेत. दिवसभर ती मुले वर्गात असतात आणि रात्री जेवून खोलीवर आली की सगळ्यांचे फोन एकदम जागे होतात. पहिल्या खिडकीतल्या उसळ्या नऊलाच का सुरू होत, याचे उत्तर यात होते. ब्लूटूथचे हेडफोन आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा पुष्कळ रुंद आणि मोकळा आहे, पण त्याच्या लहरी भिंतीला लवकर हार मानतात, आणि आपल्याकडच्या घरांचा प्रश्न नेमका येथे येतो. जुन्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या असतात. शेजारच्या खोलीतही त्यातून ५ गिगाहर्ट्झ नीट पोहोचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जड भिंतींनी माणसे गाडली, आणि त्यानंतर लातूर-धाराशिव भागात बांधकाम मोठ्या प्रमाणावर सिमेंट-लोखंडाकडे वळले. या नव्या घरांच्या भिंती पातळ असल्या तरी मजल्यांमधला स्लॅब सळ्यांच्या जाळीने भरलेला असतो, त्यामुळे आडव्या दिशेने चांगले चालणारे वाय-फाय वरच्या मजल्यावर मात्र मरगळते. पत्रा तर लहरी जवळजवळ पूर्णच परतवतो. पाण्याचेही असेच आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येते म्हणून लातूरकर घरात टाक्या आणि पिंप भरून ठेवतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागल्याची आठवण ज्या गावाला आहे, तिथे ही सवय सुटणार नाही आणि सुटूही नये. परंतु पाणी या लहरी शोषून घेते, म्हणून राऊटर आणि खेळण्याची जागा यांच्यामध्ये टाकी येणार नाही एवढे पाहावे. बहिणीच्या घरी जिन्याखाली हजार लिटरची टाकी होती आणि तिच्यालगतच्या कोनाड्यात राऊटर ठेवलेला होता.

राऊटर बाहेर काढून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, हॉलच्या मध्याजवळ लावल्याने मोठा फरक पडतो आणि त्याला खर्च नाही. त्यानंतर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ यांना वेगवेगळी नावे द्यावीत. एकच नाव असले की खेळणारा फोन कधी नकळत २.४ वर जाऊन बसतो. २.४ साठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि १, ६, ११ पैकी सर्वांत कमी गर्दीचा चॅनेल फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझरने पाहून निवडावा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनेल बरे. मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलवर राऊटरला रडारची चाहूल घ्यावी लागते आणि तशी चाहूल लागताच त्याला चॅनेल सोडावा लागतो, त्यामुळे खेळता खेळता जोडणी तुटू शकते. आकडा घड्याळ लावल्यासारखा, ठरावीक अंतरानेच उसळत असेल, तर लॅपटॉप मागच्या मागे जवळपासची नेटवर्क शोधत असण्याची शक्यता असते. स्थान ओळखण्याची सेवा बंद करून पाहावी आणि वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.

हे सगळे करूनही, जो लॅपटॉप, पीसी किंवा प्लेस्टेशन एका जागी बसलेला आहे त्याला लॅन केबलच द्यावी, हे माझे सांगणे राहील. आम्ही जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून कॅट ६ केबल वर नेली. सुमारे वीस मीटर केबल, पट्टी आणि दोन कनेक्टर मिळून काम हजार रुपयांच्या आत झाले, आणि त्याच क्षणी पहिल्या खिडकीतला आकडा १ च्या आत येऊन तिथेच राहिला. कोणताही महाग वाय-फाय राऊटर हे करू शकला नसता. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का ते विचारावे, कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात भरपूर मिळते आणि ती लांब अंतरावर व सांध्यांपाशी दगा देते. केबल जोडल्यावर लॅपटॉपवर दिसणारा जोडणीचा वेग १०० एमबीपीएसवरच अडकला तर आठपैकी एखादी तार सुटली आहे किंवा पोर्टच १०० चा आहे असे समजावे. १०० मीटरपर्यंतचे अंतर ही केबल सहज पेलते. मात्र शेजारच्या घरात किंवा शेतातल्या आखाड्यावर नेण्यासाठी गच्चीवरून उघड्यावर तांब्याची केबल टाकू नये; वीज जवळ कडाडली की त्या केबलमधून दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. तिथे फायबरच टाकावी.

मोबाइलवर खेळणाऱ्याला केबल देता येत नाही. त्यासाठी वर गेलेल्या केबलच्या टोकाला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसते वाय-फाय देण्यासाठी, जोडला : त्याचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम) बंद केले, त्याचा पत्ता मुख्य राऊटरहून वेगळा ठेवला आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टमध्ये लावली. धाकट्याचा फोन आता त्याच खोलीतल्या ५ गिगाहर्ट्झवर चालतो. केबलविना चालणारा रिपीटर मी कोणालाही गेमसाठी सुचवणार नाही, कारण तो प्रत्येक चिठ्ठी हवेतून ऐकून पुन्हा हवेतूनच पाठवतो आणि अडथळ्याची संधी दुप्पट करतो. मेशचे, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणारे, दोन-तीन डबे घ्यायचेच असतील तर ते एकमेकांना केबलने जोडावेत.

दुसरा टप्पा : तारेच्या तोंडाशी लागलेली रांग

केबल टाकल्यावरही तिसऱ्या रात्री साडेनऊला दुसरी खिडकी २४० दाखवू लागली, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) वजनकाट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. एखादा शेतकरी मोटारसायकलवर एकच पोते घेऊन आला तरी त्याला चाळीस ट्रॉल्यांच्या मागे उभे राहावे लागते. त्याच्या पोत्याचे वजन करायला अर्धे मिनिट लागते, पण पाळी यायला दुपार होते. गेमची चिठ्ठी म्हणजे ते एक पोते, आणि फोनमधून चढणारे फोटो-व्हिडिओ म्हणजे ट्रॉल्या. काटा म्हणजे तारेचे तोंड. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात माल थांबवून ठेवण्यासाठी स्मृती असते आणि ती उदार हाताने दिलेली असते. ४० एमबीपीएसच्या तारेसमोर १ मेगाबाइट माल जमला तर तो निघायला ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागतात. कारण १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट आणि ८ ला ४० ने भागले की ०.२ येते. वरच्या दिशेचा, म्हणजे अपलोडचा, वेग १० एमबीपीएस असेल तर तेवढाच माल ८०० मिलिसेकंद खातो. स्पीड टेस्टच्या वेगाच्या आकड्यात हे दिसत नाही, उलट रांग भरलेली असताना वेगाचा आकडा उत्तमच येतो.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटीस या अमेरिकी अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर तो हेरून त्याचा पाठपुरावा केला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग किती लांब आहे यापेक्षा माल रांगेत किती वेळ थांबला हे पाहून तिला आवर घालणारी कोडेल ही पद्धत मांडली. आणि तिला प्रत्येक प्रवाहासाठी वेगळ्या रांगेची जोड देणारी एफक्यू-कोडेल पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत (आरएफसी) आली. मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर एकेक पोते आणणाऱ्यांसाठी वेगळी ओळ केली आणि दोन्ही ओळींतून आळीपाळीने वजन घेतले. केक ही त्याच घराण्यातली पुढची पद्धत आहे.

बहिणीच्या घरी काय घडत होते ते शोधायला एक संध्याकाळ लागली. जेवणे आटोपली की ताई साडेनऊच्या सुमारास फोन चार्जिंगला लावते. फोन वाय-फायवर असून चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो आणि नातेवाइकांनी पाठवलेले व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात. फाटकावरचा कॅमेराही आपले चित्रण बाहेर पाठवतो. दोन्ही मिळून वरची दिशा भरून टाकत. तात्पुरता उपाय म्हणून फोटोंचा बॅकअप बंद केला तेव्हा पिंग ३२ वर आला, आणि कारण निश्चित झाले. परंतु कायमचा उपाय म्हणून हे मला मान्य नाही. घरातल्या एकाच्या खेळासाठी बाकीच्यांनी आपले फोन सांभाळून वापरावेत, आणि तेही जिच्या नावावर बिल येते तिने, हे योग्य नव्हे. व्यवस्था अशी हवी की कोणालाही कोणाची अडचण होऊ नये.

त्यासाठी राऊटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय लागते. तिचे मर्म इतकेच आहे की काटा कंपनीच्या डब्यातून उचलून आपल्या राऊटरमध्ये आणायचा. त्रासाच्याच वेळेला तीन रात्री वेग मोजावा, त्यातला सर्वांत कमी आकडा धरावा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना घालावी. आमचा कमीत कमी आकडा ३८ आला म्हणून आम्ही ३३ ठेवला. आता माल आपल्या राऊटरमधूनच जरा कमी गतीने निघतो, कंपनीच्या डब्यात रांग साचतच नाही, आणि रांग आपल्या ताब्यात असल्याने एफक्यू-कोडेल किंवा केक तिची नीट वाटणी करतो. पाच एमबीपीएस सोडावे लागतात याचे भाच्याला सुरुवातीला वाईट वाटले, पण त्या बदल्यात फोटो चढत असतानाही पिंग ३५ ते ४० च्या दरम्यान राहिला. साध्या राऊटरमधली क्यूओएस (कोणता माल आधी जावा हे ठरवण्याची सोय) नावाची खूण पुष्कळदा निरुपयोगी ठरते ती याच कारणाने : तिथे वेगाचा आकडा भरायची जागाच नसते, म्हणून रांग कंपनीच्या डब्यातच साचत राहते आणि राऊटरने लावलेला प्राधान्यक्रम कामी येत नाही.

म्हणून नवा राऊटर घ्यायचाच असेल तर दुकानदाराला अँटेना किती हे विचारू नये. त्यात एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक आहे का, वेगाची मर्यादा आपल्याला घालता येते का आणि सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत का, हे विचारावे. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर ज्या राऊटरवर चालते त्यावर ही सोय मोफत मिळते. मात्र त्या प्रकल्पाच्या यादीत आपले मॉडेल आणि त्याची हार्डवेअर आवृत्ती अक्षरशः तीच आहे का हे पाहूनच ते टाकावे, कारण एका नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असू शकते आणि चुकीची फाइल टाकली की राऊटर बंद पडतो. मिक्रोटिकच्या राऊटरओएसच्या सातव्या आवृत्तीतही या दोन्ही पद्धती आहेत. रांगेचे हे काम राऊटरचा प्रोसेसर करतो, त्यामुळे ४० किंवा १०० च्या प्लॅनला स्वस्त राऊटर पुरतो, पण ३०० च्या पुढे गेल्यास ताकदवान प्रोसेसर पाहावा लागतो. एसक्यूएम चालू करताना हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरला वगळून माल पुढे ढकलण्याची सोय) बंद करणे विसरू नये, नाहीतर माल काट्याला वळसा घालून निघून जातो.

कंपनीचा डबा आणि आपला राऊटर एकामागे एक लावले की पत्ते दोनदा बदलले जातात (या बदलाला नॅट म्हणतात) आणि गेममध्ये नॅट स्ट्रिक्ट असे दिसते. मित्रांशी आवाजाने बोलता येत नाही किंवा खोलीत प्रवेश मिळत नाही. कंपनीला डबा ब्रिज मोडवर, म्हणजे पत्ते न बदलता माल नुसता पुढे देण्यावर, टाकायला सांगावे आणि पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या लॉगिनचे) युजरनेम व पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरावेत. त्यानंतरही राऊटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे. त्याने पिंग सहसा वाढत नाही. नॅटची अडचण मात्र राहते, आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करणे किंवा वेगळे पैसे देऊन स्वतंत्र पत्ता घेणे हे तिचे दोन मार्ग आहेत.

वीज आणि ऊन

चौथ्या रात्री वेगळाच प्रकार झाला. वीज क्षणभर गेली, इन्व्हर्टर लागला, दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत, पण नेट तीन मिनिटे बंद पडले. इन्व्हर्टर वीज बदलायला जो अल्प वेळ घेतो तेवढ्यात राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही नव्याने सुरू होतात. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण असल्यास ते लावावे, त्याने हा वेळ पुष्कळ कमी होतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस; तो घेताना दोन्ही यंत्रांच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहावेत, कारण प्रत्येक यंत्र १२ व्होल्टचेच असते असे नाही.

घरगुती राऊटर साधारणपणे ४० अंश तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात परभणी, नांदेड, लातूर येथे सावलीतले तापमानच त्याच्या वर जाते, आणि माळ्यावर किंवा पत्र्याखाली तर त्याहून किती तरी अधिक असते. उन्हाळ्यात दुपारनंतर नेट वारंवार तुटत असेल आणि राऊटर हाताला चटका देत असेल, तर त्याला बंद शोकेसमधून बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवावे.

दोष खरोखर कंपनीचा असेल तर

सगळी यंत्रे काढून, एकच लॅपटॉप केबलने जोडून, तीन रात्री दर तासाला मोजलेले आकडे हा चांगला पुरावा आहे. त्यापूर्वी डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहावी : ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असायला हवी, आणि उणे २७ च्या जवळ किंवा त्याखाली असेल तर कपाटामागे मुडपलेली तार, सैल सांधा किंवा खांबावर ताणलेली केबल शोधायला सांगावे. प्रकाश ठीक असून पिंग रोज रात्रीच वाढत असेल तर पुढची गर्दी कंपनीलाच कमी करावी लागते. तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा, आकडे लेखी जोडावेत, आणि मुदतीत समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांत हा दुसरा टप्पा ग्राहकासाठी ठेवलेला आहे. गेममधला सर्व्हर मुंबईऐवजी सिंगापूरला लागलेला नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

बदल केल्यावर पहिल्याच रात्री समाधान मानू नये. आम्ही आठवडाभराने पुन्हा त्याच दोन खिडक्या उघडल्या, ताईच्या फोनमधला लग्नाचा पूर्ण व्हिडिओ मुद्दाम नऊ वाजता क्लाउडवर चढवायला लावला, टीव्हीवर मालिका चालू ठेवली आणि दोन्ही भाच्यांना खेळायला बसवले. पहिली खिडकी १ च्या आत राहिली आणि दुसरी ४१ च्या वर गेली नाही. व्हिडिओ चढायला पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ लागला, पण त्याबद्दल ताईने विचारलेही नाही.